४५ एचपीचा ट्रॅक्टर ऊस ओढतो मग ८० एचपीची कार का नाही? गाडीच्या कागदावरचे आकडे, सोप्या भाषेत

ऊस सुरू झाला की सोलापूर जिल्ह्यात कुठल्याबी रस्त्याला लागा, मोहोळकडं जा, मंगळवेढ्याकडं जा नाहीतर अकलूजकडं, पुढं दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर असतोच आणि त्याच्या मागं गाड्यांची रांग. तो ट्रॅक्टर बहुतेक वेळा ४५ नाहीतर ५० एचपीचा, म्हणजे हॉर्सपॉवरचा, तेवढ्या घोड्यांचा असतो. आणि मागं ओव्हरटेकची वाट बघत थांबलेली १२०० सीसीची साधी पेट्रोल कार असते ८० एचपीच्या आसपास. म्हणजे कारमधे जवळजवळ दुप्पट घोडे. मग ती उसाची ट्रॉली कारला लावली तर ओढेल का? जागची हलणार नाही, क्लच प्लेट जळून वास सुटेल तेवढा.

मग कारचे घोडे गेले कुठं? ह्या एका प्रश्नाचं उत्तर नीट कळलं ना, की गाडीच्या माहितीपत्रकातले निम्मे शब्द आपोआप कळतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आधी एचपी. वाफेच्या इंजिनवाला जेम्स वॅट, त्यानं अठराव्या शतकात घोड्याच्या कामाशी तुलना करून हे माप बसवलं, कारण त्या काळी गिऱ्हाईक घोडे वापरणारं होतं आणि माझं इंजिन किती घोड्यांचं काम करेल हे त्याला सांगायचं होतं. आपल्याकडं कागदावर कधी बीएचपी लिहिलेलं असतं कधी पीएस, दोन्हीत फरक फार थोडा, एक एचपी (बीएचपीबी तोच) म्हणजे ७४६ वॅट आणि एक पीएस म्हणजे ७३५ वॅटच्या आसपास. पीएसचा अर्थ डोळ्यासमोर आणायचा तर असा, ७५ किलोचं ओझं एका सेकंदात एक मीटर वर उचललं की एक पीएस. इथं सेकंद हा शब्द महत्त्वाचा आहे. तेच ७५ किलो तुम्ही दहा सेकंदात उचललं तर काम तेवढंच झालं पण पॉवर दहावा हिस्साच लागली. म्हणजे एचपी, पॉवर, काहीबी म्हणा, ते सांगतंय काम किती झटपट होतंय. किती जोर लागतोय हे ते सांगत नाही.

जोर सांगतो टॉर्क. टॉर्क म्हणजे फिरवायचा, पिळायचा जोर. हायवेला टायर पंक्चर झालाय, व्हील पाना लावलाय आणि नट हलत नाहीये, मग आपण काय करतो, पान्याला पाईप घालून दांडा लांब करतो आणि तोच नट सुटतो. हाताची ताकद तीच होती, दांडा लांब झाला म्हणून पिळायचा जोर वाढला. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला १० किलोचा भार दिला की नटावर साधारण १०० न्यूटन मीटर टॉर्क बसतो, आणि बहुतेक छोट्या कारचे व्हील नट आवळायचे असतात तेबी ह्याच्याच आसपास. (म्हणून पान्यावर उभं राहून, उड्या मारून नट आवळू नका ओ. स्टड ताणला जातो, आटे खराब होतात, आणि पुढच्या पंक्चरला रात्रीच्या वेळी बायकोपोरं गाडीत असताना तो नट सुटत नाही.)

आता ह्या दोघांना जोडणारा तिसरा शब्द, आरपीएम, म्हणजे इंजिनचा क्रँक, त्याचा मुख्य फिरता दांडा, मिनिटाला किती फेरे मारतो. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, बस्स. न्यूटन मीटरमधला टॉर्क घ्या, आरपीएमनं गुणा, ९५४९ नं भागा, किलोवॅट मिळतात, आणि किलोवॅटला १.३६ नं गुणलं की पीएस. हे गणित मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा, मजा येते खरंच, कारण एकदा हे हातात आलं की कुठल्याबी गाडीचा कागद तुम्ही स्वतः तपासू शकता.

आपला ट्रॅक्टर घ्या. ४५ एचपी म्हणजे साडेतेहतीस किलोवॅट आणि ट्रॅक्टरचं इंजिन ही पॉवर देतं दोन हजार आरपीएमच्या आसपास. उलटं गणित केलं की टॉर्क येतो साधारण १६० न्यूटन मीटर. कारचं बघा, ८० पीएस म्हणजे ५९ किलोवॅट पण ते मिळतात सहा हजाराच्या आसपास आरपीएमला, तिथं टॉर्क उरतो ९४, आणि मधल्या आरपीएमला जास्तीत जास्त ११० च्या आसपास जातो. म्हणजे कारच्या ८० घोड्यांमधला मोठा वाटा हा इंजिन जोरात फिरण्यातून आलाय. ट्रॅक्टरचं इंजिन हळू फिरतं पण प्रत्येक फेऱ्याला जास्त जोर लावतं.

पण तुम्ही म्हणाल १६० आणि ११०, फरक काय एवढा मोठा नाही, ह्याच्यावर २० टन ऊस कसा हलतो? बरोबर आहे. खरी गंमत इंजिनच्या पुढं आहे, गिअरबॉक्समधे. लहान गिअरनं मोठा गिअर फिरवला की मोठा गिअर हळू फिरतो पण जोरात फिरतो. वेग जेवढ्या पटीत कमी तेवढ्याच पटीत टॉर्क जास्त, थोडा घर्षणात जातो तो सोडून. ह्याला गिअर रेशो म्हणतात. कारमधे पहिल्या गिअरचा रेशो साधारण साडेतीन असतो, त्याच्या पुढं डिफरन्शियलमधे, म्हणजे गॅरेजवाले ज्याला क्राउन पिनियन म्हणतात तिथं अजून चारपट, मिळून झाले १४. म्हणजे इंजिनचे ११० चाकावर जाईपर्यंत होतात १५०० च्या वर. ट्रॅक्टरचा लो मधला पहिला गिअर घ्या, त्याच्यात ट्रॅक्टर माणसाच्या चालण्यापेक्षा हळू जातो, तासाला अडीच-तीन किलोमीटर. दोन हजार आरपीएमवर इंजिन फिरतंय आणि मागचं एवढं मोठं चाक मिनिटाला दहा-बारा फेरे मारतंय, म्हणजे मधे दीडशेपटीच्या वर घट झाली. १६० ला दीडशेनं गुणा. २४ हजार न्यूटन मीटर. कारच्या पंधराशेसमोर चोवीस हजार!

हा आहे उत्तराचा गाभा. कारचा गिअरबॉक्स तेच घोडे वेगात खर्च करायला बनवलाय, ट्रॅक्टरचा जोरात. पहिल्या गिअरमधे कार पन्नासच्या जवळ जाऊ शकते, ट्रॅक्टर तीनवर. फुकट कुणालाच काही मिळालेलं नाही.

आता ह्याचा पुढचा भाग, जो मला फार महत्त्वाचा वाटतो कारण त्याच्यात माणसं जातात. रानातून भरलेली ट्रॉली रस्त्यावर काढताना ट्रॅक्टर तोंड उचलतो हे आपण सगळ्यांनी बघितलंय. कारण असं, मागच्या धुरीवर, म्हणजे ॲक्सलवर एवढा टॉर्क आला आणि चाक चिखलात नाहीतर बोजानं अडकलं, फिरायला तयार नाही, तर मग चाकाच्या ऐवजी ट्रॅक्टरचं धडच त्या धुरीभोवती फिरायला बघतं आणि पुढची चाकं उचलतात. न्यूटनचा तिसरा नियम, शाळेतलाच. त्यात ओढायची साखळी नाहीतर रोप जर मागच्या धुरीच्या वर कुठंतरी बांधला असेल तर ती ओढबी तोंड वर करायलाच मदत करते आणि ट्रॅक्टर मागं उलटायला सेकंद-दीड सेकंद लागतो, ड्रायव्हरला क्लच दाबायलाबी वेळ मिळत नाही. म्हणून ओढायचं काहीबी असो ते खालच्या हुकलाच लावायचं, धुरीच्या खाली. आणि तोंड उचलतंय म्हणून बॉनेटवर पोरं बसवतात ते तर बघवत नाही, त्यासाठी पुढं लावायची वजनं मिळतात.

आता बाईककडं येऊ कारण सोलापुरात सगळ्यात जास्त वाद बाईकवर चालतात, सात रस्त्याला असू दे नाहीतर आसरा चौकात, चहाच्या गाड्यावर कुणीतरी म्हणतोच की माझी ३५० तुझी ३९०, एवढासा फरक. कागद बघा. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, ३४९ सीसी, पॉवर २०.२ बीएचपी ६१०० आरपीएमला, टॉर्क २७ न्यूटन मीटर ४००० ला. केटीएमच्या ड्यूक ३९० चं आधीचं ३७३ सीसीवालं मॉडेल, पॉवर ४३ पीएस ९००० ला, टॉर्क ३७ न्यूटन मीटर ७००० ला. सीसीमधे फरक २४ चा आणि पॉवर दुप्पट. कसं काय?

सीसी म्हणजे क्युबिक सेंटिमीटर, सिलेंडरमधे पिस्टन, म्हणजे खालीवर होणारा दट्ट्या, खालून वर जाताना जेवढी जागा झाडून काढतो तेवढं माप. सिलेंडरची रुंदी म्हणजे बोर, पिस्टनचा खालीवर जायचा पल्ला म्हणजे स्ट्रोक. स्प्लेंडरचं घ्या, बोर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५. सेंटिमीटरमधे ५ गुणिले ५ गुणिले ४.९५ गुणिले ०.७८५, आलं ९७ आणि थोडं वर, म्हणून कागदावर ९७.२ सीसी. (इंजिन झिजल्यावर गॅरेजमधे बोरिंग करून अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन घालतात ना, त्यानं स्प्लेंडर ९९ सीसीची होते. एवढ्यानं पिकअपमधे काही कळत नाही, जो फरक जाणवतो तो नव्या रिंगांनी कॉम्प्रेशन परत आल्याचा असतो.)

क्लासिकचा बोर ७२ आणि स्ट्रोक ८५.८, म्हणजे उभट सिलेंडर, लाँग स्ट्रोक. ड्यूकचा बोर ८९ आणि स्ट्रोक फक्त ६०, पसरट, शॉर्ट स्ट्रोक. आता पिस्टनला एका फेऱ्यात एकदा वर एकदा खाली जावं लागतं, तर क्लासिकचा पिस्टन ६१०० आरपीएमला सेकंदाला सरासरी साडेसतरा मीटर पळतो. आणि ड्यूकचा ९००० ला? १८ मीटर. बघितलं का, दोन्ही पिस्टन जवळजवळ सारख्याच वेगानं पळतायत! क्लासिकला पल्ला लांब म्हणून फेरे कमी, ड्यूकला पल्ला छोटा म्हणून फेरे जास्त. क्लासिक जर ९००० वर फिरवली तर पिस्टनचा वेग पंचवीसच्या वर जाईल, रोजच्या गाडीच्या इंजिनला ते झेपणारं नाही. मला विचाराल तर हे एक गणित बाईकच्या अर्ध्या वादांवर उत्तर आहे. क्लासिक ४००० ला आपला सगळा जोर देऊन मोकळी होते, म्हणून डबलसीट, चढाला, गिअर न बदलता ती निवांत चालते. ड्यूकला पिळावं लागतं, सातच्या पुढं काटा न्यावा लागतो मग ती उडते. शहरात सिग्नल टू सिग्नल चालवणाऱ्याला नऊ हजाराच्या पॉवरचा उपयोग किती ते ज्याचं त्यानं ठरवावं, पण कागदावर आकड्याच्या शेजारी किती आरपीएमला हे लिहिलेलं असतं ते वाचल्याशिवाय गाडी घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पुढचा शब्द कॉम्प्रेशन रेशो. पिस्टन खाली असताना सिलेंडरमधे जेवढी जागा असते आणि वर गेल्यावर जेवढी उरते त्यांचं प्रमाण. पेट्रोल गाडीत दहा-बारास एक, डिझेलमधे सोळा-अठरास एक. हवा दाबली की तापते, सायकलला हवा भरताना पंपाचं बूड हाताला गरम लागतं तसंच. डिझेल इंजिनमधे हवा एवढी दाबतात की ती ५०० डिग्रीच्या वर जाते, मग त्यात डिझेल फवारलं की आपोआप पेटतं, स्पार्क प्लगच लागत नाही. पेट्रोलमधे मात्र आपोआप पेटणं नको असतं, ठिणगीनंच पेटायला पाहिजे. ते ठिणगीच्या आगीची वाट न बघता स्वतःच पेटलं तर इंजिनमधून टिंगटिंग, खडखड आवाज येतो, विशेषतः चढावर मोठ्या गिअरमधे ॲक्सिलेटर दाबला की, ती नॉकिंग. ते पिस्टन खातं हळूहळू. तसा आवाज आला की पाय कमी करा आणि गिअर खाली टाका, तेवढं हातातलं आहे.

आणि ऑक्टेन म्हणजे हे असं आपोआप पेटायला पेट्रोल किती विरोध करतं त्याचा नंबर. साधं पेट्रोल आधी ९१ चं होतं, २० टक्के इथेनॉल मिसळायला लागल्यापासून ९५ चं. ज्या इंजिनला साधं पेट्रोल चालतंय त्यात महागडं १०० टाकून जास्त पॉवर येईल ही समजूत बऱ्याच जणांची आहे, पण ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ताकद नव्हे. ज्या इंजिनचं कॉम्प्रेशन जास्त आहे, ज्याच्या पुस्तकात तसं लिहिलंय, त्यालाच त्याचा उपयोग.

इथं आपल्या जिल्ह्याचा संबंध येतो बघा. आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत इथेनॉल बनतं आणि ते पेट्रोलमधे जातं, देशात २०२५ ला हे मिश्रण २० टक्क्यांवर पोचलं. इथेनॉलचं ऑक्टेन १०० च्या वर, म्हणजे नॉकिंगच्या बाबतीत ते पेट्रोलपेक्षा चांगलं. पण एका लिटरमधली ऊर्जा पेट्रोलच्या मानानं दोन तृतीयांशच. म्हणजे २० टक्के मिसळल्यावर एका लिटरमागं ऊर्जा सहा-सात टक्के कमी झाली, हे साधं गणित आहे. इंजिन जर इथेनॉल धरूनच जास्त कॉम्प्रेशनचं बनवलं असेल तर ह्यातलं काही भरून निघतं, जुन्या गाडीत निघत नाही. शिवाय इथेनॉल रबराचे पाईप, सील फुगवतं आणि ओलावा ओढतं, म्हणून जुनी बाईक महिनोन्महिने टाकीत पेट्रोल ठेवून उभी करू नका, आणि पेट्रोलचे पाईप कडक झालेत का, ओले लागतायत का ते सर्विसिंगला बघून घ्या. शेतकऱ्याच्या उसाला भाव मिळायला इथेनॉल पाहिजे हे मलाबी पटतं, गाडीवाल्याला नेमकं काय होतंय तेबी कळलं पाहिजे.

टर्बो. इंजिनमधे जास्त पेट्रोल जाळायचं तर जास्त हवा लागते. टर्बोमधे सायलेन्सरकडं जाणाऱ्या गरम धुरानं एक छोटा पंखा फिरतो, त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला दुसरा पंखा असतो तो बाहेरची हवा दाबून इंजिनमधे भरतो. मिनिटाला लाख-दीड लाख फेरे होतात त्याचे. म्हणून आता एक लिटरचं, ९९९ सीसीचं इंजिन जुन्या दीड लिटरएवढी पॉवर देतं. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते, म्हणून मधे ती गार करायला इंटरकूलर. आता आपल्या मे महिन्याचा विचार करा, सोलापूर ४४ डिग्री. २५ डिग्रीच्या हवेच्या मानानं ४४ ची हवा साधारण सहा टक्के विरळ असते, म्हणजे साध्या बिनटर्बोच्या इंजिनला प्रत्येक घोटाला सहा टक्के कमी प्राणवायू. त्यात एसीचा कॉम्प्रेसर काही पॉवर खातो. उन्हाळ्यात दुपारी गाडी ओढत नाहीये, पिकअप गेलाय असं वाटतं ना, त्यात काही वाटा ह्याचा असतो, लगेच इंजिनचं काम काढायची गरज नसते. संध्याकाळी गाडी परत बरी चालते का बघा आधी.

गॅरेजमधे थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला मिळाला तर ऐकू नका. त्याचं काम इंजिन ठराविक गरम झाल्यावरच रेडिएटरकडं पाणी सोडायचं, तो काढला तर इंजिन सकाळी लवकर तापत नाही आणि पेट्रोल जास्त पितं. आणि रेडिएटरमधे बोअरचं पाणी ओतू नका, आपलं बोअरचं पाणी क्षाराचं, आत थर बसतो. कूलंटच घाला.

आता तुळजापूर घाटाचं. नवरात्रात, पौर्णिमेला आपले लोक जातात, येताना उताराला गाडी न्यूट्रल करतात आणि म्हणतात पेट्रोल वाचतं. कार्ब्युरेटरच्या काळातली, म्हणजे पेट्रोल मोजून सोडायला कंप्युटर नसलेल्या जुन्या गाड्यांची सवय आहे ही. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही गिअरमधे असताना ॲक्सिलेटरवरून पाय काढला आणि आरपीएम पुरेसा असला की कंप्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो, चाकंच इंजिनला फिरवत असतात. न्यूट्रल केलं की मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल सोडावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलला पेट्रोल उलट जास्त जातं! आणि गिअरमधे असताना इंजिन गाडीला मागं धरून ठेवतं, ते इंजिन ब्रेकिंग. न्यूट्रलला सगळा भार ब्रेकवर, लायनर तापतात, जळका वास येतो, ब्रेक ऑइल उकळलं तर पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. ज्या गिअरनं चढलात त्याच गिअरनं उतरा, जुने ड्रायव्हर हेच सांगत आलेत.

क्लचबद्दल एवढंच की तो इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतो-तोडतो, आणि अर्धवट दाबलेला असताना प्लेट घासत असते. चढावर थांबलात तर हँडब्रेक वापरा, हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका.

डिफरन्शियल मात्र नीट सांगतो. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, दोन्ही एकाच दांड्याला घट्ट बांधली तर एक चाक घासत जाईल. डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतं पण जोर दोघांना सारखा वाटतं. ह्याच सारखेपणाचा तोटा आपल्याला काळ्या रानात दिसतो. पाऊस पडलाय, कारचं एक चाक चिखलात आणि दुसरं कोरड्यात, चिखलातल्याला पकडच नाही म्हणून त्याला फिरवायला जोर लागत नाही, मग दुसऱ्यालाबी तेवढाच नगण्य जोर मिळतो आणि ते ढिम्म उभं. चिखलातलं नुसतं गरगर फिरून खड्डा करतं. ट्रॅक्टरला पायाशी डिफरन्शियल लॉकचं पेडल असतं, ते दाबलं की दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात आणि कोरड्यातलं चाक ओढून काढतं. फक्त सरळ जाताना दाबायचं, वळताना दाबून ठेवलं तर वळत नाही आणि आतले गिअर तुटतात.

मायलेजचा कागदावरचा आकडा मोजतात तो लॅबमधे रोलरवर गाडी चालवून, ठरलेल्या पद्धतीनं, एसी बंद ठेवून आणि वेग कधीच ९० च्या वर न नेता. पुणे रोडला एसी लावून ११० नं जाणाऱ्याला तो मिळणार नाही, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ९० वरून ११० म्हणजे विरोध दीडपट. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला मात्र तो आकडा चांगला आहे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस सहा हा धुराच्या प्रदूषणाचा नियम आला आणि डिझेल गाड्यांना धुरातली काजळी पकडायचा डीपीएफ फिल्टर लागला. ही काजळी जळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो. नुसतं जुळे सोलापूर ते नवी पेठ एवढंच गाडी फिरत असेल तर तो तापत नाही आणि फिल्टर चोंदतो, दिवा लागतो. अधूनमधून गाडी हायवेला काढून एका लयीत वीस-पंचवीस मिनिटं चालवा. रोजचं फिरणं गावातलंच असेल तर डिझेल घेऊच नका, माझं हे स्पष्ट मत आहे.

शेवटी टायर, आणि इथं मला थोडं कळकळीनं बोलायचंय. उन्हाळ्यात आपल्याकडं सर्रास ऐकू येतं की हवा जरा कमी ठेवा, गरमीनं वाढती, फुटेल. हे उलटं आहे. टायर तापतो तो रस्त्यानं तापतोच, पण जास्त तापतो तो त्याची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला दबून परत सरळ होते त्यानं. हवा कमी असली की भिंत जास्त दबते, जास्त घुसळण, जास्त उष्णता, आतलं रबर आणि दोरे सुटतात आणि शंभरच्या वेगात तो चिंध्या होतो. दर १० डिग्रीला हवा एक-दीड पीएसआयनं वाढते हे खरं, पण कंपनीनं ते धरूनच आकडा दिलेला असतो, आणि तो आकडा गार टायरचा आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यात माणसं आणि सामान भरल्यावर किती ते वेगळं लिहिलेलं असतं. सकाळी निघताना जवळच्या पंपावर हवा बघा. लांबून चालवून आल्यावर तापलेल्या टायरची वाढलेली हवा काढू नका, गार झाल्यावर ती कमी पडणार. नायट्रोजन भरला तर वाईट काही नाही, पण साध्या हवेतबी ७८ टक्के नायट्रोजनच असतो, त्यामुळं त्याच्या भरवशावर तपासणं सोडू नका.

टायरवर लिहिलेलं असतं ते वाचायला सोपं आहे. १८५/६५ आर १५ ८८ एच. रुंदी १८५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, डिस्क म्हणजे रिम १५ इंची, ८८ ह्या नंबरचा टायर ५६० किलो पेलतो आणि एच म्हणजे ताशी २१० पर्यंत चालतो. आणि एका बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २४२५ असेल तर २०२५ च्या चोविसाव्या आठवड्यातला, म्हणजे जूनमधला. नक्षी अजून भरपूर आहे म्हणून जुना टायर ठेवू नका, आपल्या उन्हात उभ्या गाडीचं रबरबी कडक होतं, भिंतीवर बारीक भेगा दिसायला लागल्या की तो गेला. नवा घेताना बसवायच्या आधीच दुकानात हे चार आकडे चारी टायरवर बघून घ्या, काही टायरवर ते फक्त आतल्या बाजूला असतात आणि एकदा गाडीला बसल्यावर खाली वाकल्याशिवाय दिसत नाहीत.